वर फेकलेला चेंडू: वेग अर्धा कुठे होतो आणि ऊर्जा अर्धी कुठे होते?

गिरगावची_आई

नमस्कार मंडळी. मुलगी नववीत आहे, सेमी इंग्लिश, त्यामुळे शाळेत कायनेटिक-पोटेन्शियल आणि घरी गतिज-स्थितिज (वेगामुळे असलेली आणि उंचीमुळे असलेली ऊर्जा) असं दोन्ही चालू असतं. सध्या कार्य आणि ऊर्जा हा धडा चाललाय. हाफ एमव्ही स्क्वेअर (अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग) आणि एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची) तोंडपाठ आहे, गणितंही सुटतात, पण तिने जे विचारलंय ते मला धड समजावता येत नाहीये म्हणून इथे टाकतेय, इथे शिकवणारी आणि कामातून शिकलेली बरीच माणसं आहेत.

तिचं म्हणणं असं की चेंडू सरळ वर फेकला तर अर्ध्या उंचीवर गतिज ऊर्जा अर्धी उरते आणि बाकीची अर्धी स्थितिज होते, हे पटतं. मग अर्ध्या उंचीवर वेग पण अर्धाच हवा ना? दुसरं, चेंडू सगळ्यात वर पोचला की क्षणभर थांबतो, तेव्हा त्याच्यावरचं बल पण शून्य होतं का? आणि तिसरं, हातातून सुटल्यावर त्याला वर ढकलत कोण असतं?

परीक्षेला इतकं खोलात विचारत नाहीत हे माहितीये. पण तिला कळून घ्यायचंय, आणि मलाही.

परळचा_मास्तर

ताई, मुलीने फार नेमक्या जागी बोट ठेवलंय. बारावीपर्यंत शिकलेल्या पुष्कळांना हा पहिला प्रश्न सुटत नाही कारण सूत्रात आकडे घालून उत्तर येतं आणि तिथेच सगळे थांबतात. तर आपण खराच चेंडू घेऊ. सीझन बॉलचं वजन १५६ ते १६३ ग्रॅमच्या आसपास असावं असा क्रिकेटचा नियम आहे, आपण १६० ग्रॅम धरू. तो सेकंदाला २० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण ९.८ च्या ऐवजी १० धरतो म्हणजे आकडे डोक्यात राहतात, आणि हवा सध्या बाजूला ठेवू.

सुटताना गतिज ऊर्जा किती? ०.१६ ची अर्धी ०.०८, गुणिले ४००, म्हणजे ३२ ज्यूल. चेंडूवर पृथ्वीची ओढ किती? ०.१६ गुणिले १०, म्हणजे १.६ न्यूटन. आता हे नीट बघा, चेंडू एक मीटर वर गेला की १.६ ज्यूल गतिजमधून स्थितिजमध्ये जातात. पुढच्या मीटरला पुन्हा १.६. त्याच्या पुढच्या मीटरला पुन्हा तेवढेच. वेग जास्त असो, कमी असो, चेंडू तो मीटर झपकन पार करो नाहीतर रेंगाळत, दर मीटरला १.६ च. म्हणून ३२ ज्यूल बरोबर २० मीटरला संपतात आणि १० मीटरवर १६ आणि १६ अशी वाटणी होते.

आता वेगाचं बघा. वेग मीटरच्या हिशोबाने कमी होत नाही, सेकंदाच्या हिशोबाने होतो. दर सेकंदाला १० ने कमी. २० वरून सुरू, एक सेकंदाने १०, दोन सेकंदाने शून्य. म्हणजे वेग अर्धा होतो तो अर्ध्या वेळेला. आणि त्या एका सेकंदात चेंडू कुठे पोचला? १५ मीटरवर! अर्ध्या उंचीवर नाही, पाऊण उंचीवर. तिथे गतिज ऊर्जा उरली ८ ज्यूल, म्हणजे पाव. वेग अर्धा झाला की गतिज ऊर्जा पाव होते कारण सूत्रात वेगाचा वर्ग आहे, ते इथे जुळतं.

मग १० मीटरवर वेग किती? १६ ज्यूल उरलेत त्यावरून काढला तर साधारण १४.१ मीटर दर सेकंद येतो, म्हणजे मूळ वेगाच्या ७० टक्क्यांहून थोडा जास्त. आणि गंमत अशी आहे की पहिले १० मीटर चेंडू ०.५९ सेकंदात चढतो आणि वरच्या १० मीटरला त्याला १.४१ सेकंद लागतात. म्हणून उंच उडालेला चेंडू वर "लटकल्यासारखा" वाटतो. तो लटकत नाही, अर्ध्याहून कितीतरी जास्त वेळ तो वरच्या अर्ध्या भागातच असतो.

तिला दोन आलेख काढायला सांगा. आडव्या अक्षावर उंची घेऊन गतिज ऊर्जा काढली तर सरळ उतरती रेघ येते. आडव्या अक्षावर वेळ घेऊन काढली तर वाकडी येते, आधी भरभर उतरते मग शेवटी सपाट होत जाते. तोच चेंडू, तीच ऊर्जा. ऊर्जेचा हिशोब अंतराला बांधलेला आहे आणि वेगाचा हिशोब वेळेला, एवढं डोक्यात बसलं की या धड्यातलं निम्मं अवघड संपतं.

बाकी दोन प्रश्नांवर संध्याकाळी लिहितो.

मैदानी_माणूस

मास्तर, ते वरच्या अर्ध्यात जास्त वेळ असतो हे वाचून फार बरं वाटलं कारण आम्ही पोरांना मैदानात हेच सांगत असतो, शिवाजी पार्कात काय आझाद मैदानात काय, उंच उडालेल्या कॅचला पोरं आधी धावत सुटतात आणि मग चेंडू खाली येताना चुकतात. त्यांना वाटतं चेंडू वर निवांत दिसतोय म्हणजे खाली पण निवांत येईल. आता कळलं की खालचा अर्धा रस्ता तो अर्ध्या सेकंदाच्या थोडा वर एवढ्या वेळात संपवतो. म्हणजे डोळ्याने बघून पाय हलवायला वेळच नाही, चेंडू वर असतानाच खाली जाऊन उभं राहायला हवं.

माझे दोन प्रश्न आहेत. एक म्हणजे टेनिस बॉल आणि सीझन बॉल सारख्याच जोराने वर मारले तर टेनिस बॉल कमी जातो, हे रोज दिसतं. पण पुस्तकात तर उंची वस्तुमानावर अवलंबून नाही असं आहे. दुसरं म्हणजे कॅच घेताना हात मागे घ्या सांगतो ते या ऊर्जेच्या भाषेत कसं सांगायचं? पोरांना "हात मऊ ठेवा" सांगून पटत नाही, आकडा सांगितला की पटतं.

वाचनखूण

वाचतेय. सुंदर धागा.

परळचा_मास्तर

मैदानी, आधी कॅच, ते सोपं आहे. हवा नसती तर चेंडू हातात येताना पुन्हा ३२ ज्यूल घेऊन आला असता. हवेमुळे समजा २५ आले. ही ऊर्जा तुमच्या हाताने शून्यावर आणायची आहे. बल गुणिले अंतर म्हणजे कार्य, म्हणून हात कडक ठेवून चेंडू ५ सेंटिमीटरमध्ये थांबवला तर सरासरी ५०० न्यूटन बल लागतं, म्हणजे ५० किलोची गोणी तळव्यावर ठेवल्यासारखं. हात ४० सेंटिमीटर मागे घेत थांबवला तर साठ-पासष्ट न्यूटन, सहा-साडेसहा किलो. ऊर्जा तेवढीच. अंतर आठपट केलं तर बल आठव्या भागावर आलं. पोरांना हे सांगा, बोटं का सुजतात ते लगेच कळेल.

आता टेनिस बॉल. इथे "सारख्या जोराने" म्हणजे काय ते आधी ठरवू. सारख्या वेगाने सुटले असतील तर हवा नसताना दोन्ही २० मीटरच जातील. हलक्या चेंडूची गतिज ऊर्जा कमी, पण त्याला दर मीटरला द्यावी लागणारी ऊर्जाही त्याच प्रमाणात कमी, त्यामुळे वस्तुमान दोन्हीकडून कटतं. ५८ ग्रॅमच्या टेनिस बॉलकडे सुटताना ११.६ ज्यूल असतात आणि मीटरला ०.५८ जातात, भागाकार करा, २० च येतो.

पण हवा आहे ना. हवेचा विरोध चेंडूच्या आकारावर, पृष्ठभागावर आणि वेगाच्या वर्गावर ठरतो, वजनावर नाही. आकाराने दोन्ही चेंडू जवळपास सारखे. २० मीटर दर सेकंद वेगाला सीझन बॉलवर हवेचा विरोध माझ्या ढोबळ हिशोबाने ०.४५ न्यूटनच्या आसपास येतो, टेनिस बॉलवर साधारण तेवढाच किंवा लव असल्यामुळे किंचित जास्त. पण सीझन बॉलचं वजन १.६ न्यूटन आहे त्यामुळे त्याला तो वजनाच्या पाव भागाएवढाच प्रश्न, आणि टेनिस बॉलचं वजन ०.५८ न्यूटन, त्याला हवा म्हणजे जवळजवळ दुसरी पृथ्वीच खाली ओढतेय. हिशोब पूर्ण केला तर सीझन बॉल १८ मीटरच्या आसपास जातो आणि टेनिस बॉल १५ ला थांबतो. खाली हातात येताना सीझन बॉलचा वेग १७-१८ असतो, टेनिसचा १५ च्या आत. म्हणजे टेनिस बॉलने निघतानाच्या ऊर्जेतली चाळीस-पंचेचाळीस टक्के वाटेत घालवली.

घालवली म्हणजे नष्ट झाली नाही. हवेत भोवरे उठले, ते विरले, हवा अगदी सूक्ष्म प्रमाणात गरम झाली. यांत्रिक ऊर्जा, म्हणजे गतिज आणि स्थितिजची बेरीज, कमी झाली, एकूण ऊर्जा नाही. हा फरक परीक्षेत बरीच मुलं गाळतात. "यांत्रिक ऊर्जा कायम राहते" असं लिहितात आणि पुढे "हवेचा विरोध नसेल तर" हे लिहीतच नाहीत. ती अट म्हणजे त्या वाक्याचा जीव आहे.

मुंबईत बसून हवेला कमी लेखूच नये खरं तर. पावसाचा थेंब दोन किलोमीटर उंचीवरून हवेशिवाय पडला असता तर जमिनीवर येताना त्याचा वेग सेकंदाला जवळपास २०० मीटर झाला असता, छत्र्या फाटल्या असत्या. प्रत्यक्षात मोठ्यात मोठे थेंबसुद्धा सेकंदाला ९ मीटरच्या आसपास वेगाने येतात. जुलैतला एवढा पाऊस आपण डोक्यावर झेलू शकतो तो त्या थेंबाची जवळपास सगळी स्थितिज ऊर्जा हवेने वाटेतच काढून घेतली म्हणून.

चाळकरी

मास्तर, तुमचं पहिलं उत्तर वाचून चाळीतली एक गोष्ट उलगडली म्हणून लिहितो. आमच्याकडे खालून तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत किल्ल्यांचा जुडगा फेकायची पद्धत होती, सगळ्या चाळींत असेल. चांगला फेकणारा असला की जुडगा कठड्यापाशी येऊन जणू थांबायचा आणि वरच्याने अलगद उचलायचा. आणि कोणी जरासा, अगदी जरासाच जास्त जोर लावला की तो झणझणीत लागायचा हाताला. एवढ्याशा फरकाने एवढं कसं बदलतं हे कधी कळलं नव्हतं.

हिशोब केला. हातापासून वरच्या हातापर्यंत ९ मीटर, जुडगा १०० ग्रॅम, त्वरण ९.८. तिथवर पोचायला ८.८ ज्यूल हवेत, म्हणजे सुटताना वेग १३.३ मीटर दर सेकंद. तेवढ्याच वेगाने फेकला तर वर पोचताना वेग शून्य. आता १४ ने फेकला, फक्त ०.७ जास्त. सुटताना ऊर्जा ९.८ ज्यूल, वर पोचल्यावर एक ज्यूलच्या जवळपास शिल्लक, आणि एक ज्यूलला १०० ग्रॅमच्या जुडग्याचा वेग ४.४ मीटर दर सेकंद! खाली ०.७ चा फरक, वर ४.४ चा. आणि १६ ने फेकला तर वर जवळपास ९ ने लागेल.

म्हणजे वजाबाकी ऊर्जेची होते, वेगाची नाही. वेगांची वजाबाकी केली असती तर ०.७ च उरला असता. बरोबर आहे ना?

परळचा_मास्तर

अगदी बरोबर. शंभर टक्के. हे उदाहरण मी माझ्या पुढच्या प्रत्येक वर्गाला देणार आहे.

ताई, तुमचे राहिलेले दोन प्रश्न. टोकाला चेंडूचा वेग शून्य असतो, बल नाही. पृथ्वीची १.६ न्यूटनची ओढ वर जाताना, टोकाला, खाली येताना, कायम तेवढीच आणि कायम खालीच. टोकाला बल शून्य झालं असतं तर वेग बदलला नसता, आणि वेग शून्यच राहिला असता, म्हणजे चेंडू तिथेच अडकून बसला असता. तो खाली येतो यातच उत्तर आहे. वेग किती आहे आणि वेग किती भराभर बदलतोय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, टोकाला पहिली शून्य आहे, दुसरी पूर्ण १०.

आणि हातातून सुटल्यावर वर ढकलणारं कोणीच नसतं. हाताने ढकललं ते हातात होता तोवरच. समजा हात कमरेपासून डोक्यापर्यंत ०.८ मीटर फिरला, तर त्या ०.८ मीटरमध्ये ३२ ज्यूल गतिज ऊर्जा चेंडूत भरायची आणि शिवाय तेवढं उचलायचं, म्हणून सरासरी चाळीसेक न्यूटन बल हाताने लावलं. सुटला त्या क्षणी ते बल संपलं. पुढे चेंडू वर जातो तो आधीच्या वेगामुळे, बल नुसतं खाली. "फेकण्याचं बल चेंडूत साठतं आणि संपत जातं" ही समजूत फार जुनी आहे, शेकडो वर्षं मोठमोठे विद्वान असंच मानत होते. चेंडूत साठते ती ऊर्जा.

विरार_फास्ट

एक शंका. लोकलमध्ये उभं राहून चेंडू वर उडवला तर तो हातातच परत येतो, गाडी कितीही वेगात असो. पण फलाटावरच्या माणसाला तो चेंडू गाडीबरोबर पुढे जाताना दिसतो, मग त्याच्या लेखी चेंडूचा वेग जास्त, गतिज ऊर्जा पण जास्त. मग खरी ऊर्जा कोणाची? डब्यातल्याची का फलाटावरच्याची? आणि यांत्रिक ऊर्जा कायम राहते म्हणायचं तर कोणाच्या हिशोबाने कायम?

परळचा_मास्तर

वा. या प्रश्नासाठी वेळ काढतो.

फास्ट लोकल मधलं स्टेशन न थांबता ताशी ७२ किलोमीटरने पार करतेय असं धरू, म्हणजे सेकंदाला २० मीटर. डब्यात छताला लागू नये म्हणून चेंडू हळूच उडवला, सेकंदाला ३ मीटरने. डब्यातल्या माणसासाठी गतिज ऊर्जा ०.७२ ज्यूल, चेंडू ४५ सेंटिमीटर वर जातो, ०.६ सेकंदात परत हातात. फलाटावरच्या माणसाला त्याच ०.६ सेकंदात चेंडू १२ मीटर पुढे गेलेला दिसतो, एक सुंदर कमान. त्याच्या हिशोबाने सुटताना गतिज ऊर्जा ३२ अधिक ०.७२, म्हणजे ३२.७२ ज्यूल. टोकाला डब्यातला म्हणतो गतिज ऊर्जा शून्य. फलाटावरचा म्हणतो ३२, कारण आडवा वेग तर कमी झालाच नाही, पृथ्वी चेंडूला खाली ओढते, मागे नाही.

कोण खरं? दोघेही. गतिज ऊर्जा ही एकट्या चेंडूची मालमत्ता नाही, कोण कुठून मोजतंय त्यावर तिचा आकडा ठरतो. पण बघा, खालून वर जाताना किती ज्यूल गतिजमधून स्थितिजमध्ये गेले? डब्यातल्याकडे ०.७२. फलाटावरच्याकडे पण ०.७२. बदल सारखा आहे. दोघांच्याही वहीत बेरीज शेवटपर्यंत कायम राहते, एकाची ०.७२, दुसऱ्याची ३२.७२. आकडा वेगळा, नियम तोच.

स्थितिज ऊर्जेचंही असंच आहे. शून्य जमिनीवर धरा, गॅलरीत धरा, गच्चीवर धरा, चालतं, फक्त गणित संपेपर्यंत तेच धरायचं. शून्य गच्चीवर धरलं तर खाली रस्त्यावरच्या चेंडूची स्थितिज ऊर्जा ऋण येते, त्यात चूक काही नाही. मुलं ऋण उत्तर बघून घाबरतात आणि चिन्ह खोडून टाकतात, ते करू नये. आणि ही ऊर्जा चेंडूत कुठेतरी दडलेली नसते, ती चेंडू आणि पृथ्वी या जोडीची असते. पृथ्वी नसेल तर १५ मीटर उंच या शब्दांना अर्थच नाही.

एक गोष्ट, हे सगळं गाडी एका लयीत चालली असतानाच. मोटरमनने ब्रेक लावला की चेंडू पुढे पडेल, कारण हात मंदावला आणि चेंडू नाही. आणि कृपा करून दाराशी उभं राहून कोणी करून बघू नका.

वाचनखूण

मी विज्ञानाची नाही, इतिहासाची. पण वेग का वेगाचा वर्ग या प्रश्नावर युरोपात पन्नासएक वर्षं कडाक्याचं भांडण चाललं होतं ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. जर्मन तत्त्वज्ञ-गणिती लायबनिझने १६८६ मध्ये मांडलं की गतीचं खरं माप वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि त्याचा मुद्दा मास्तरांच्या पहिल्या उत्तरासारखाच होता, वस्तू किती उंच चढू शकते ते बघा. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या बाजूचे लोक म्हणायचे की नाही, नुसता वेग. मग हॉलंडमध्ये ग्राव्हेसांडे नावाच्या प्राध्यापकाने पितळेचे गोळे वेगवेगळ्या उंचीवरून मऊ मातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की गोळा दुप्पट नाही, चौपट खोल रुततो असं दिसलं.

आणि हे सगळं नीट जुळवून ठामपणे लिहिलं ते एमिली दु शातले या फ्रेंच बाईने, १७४० मध्ये छापलेल्या तिच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात. न्यूटनच्या मुख्य ग्रंथाचं फ्रेंच भाषांतरही तिचंच, ती १७४९ मध्ये बाळंतपणानंतर गेली, दहा वर्षांनी ते पूर्ण छापून आलं. सूत्रातला अर्धा आला तो आणखी नंतर, १८२९ मध्ये कोरिऑलिसने कार्याशी सांगड घातली तेव्हा. स्थितिज ऊर्जा हे नाव रँकिनने १८५३ मध्ये दिलं. नववीच्या पुस्तकात दोन ओळींत येणाऱ्या सूत्रामागे एवढी माणसं आहेत, मुलीला हे जरूर सांगा ताई, विशेषतः दु शातलेचं.

मैदानी_माणूस

मातीत रुतण्याचं आणि कॅचचं गणित एकच आहे की! वेग दुप्पट म्हणजे हात चौपट मागे घ्यायला हवा, नाहीतर बल वाढतं. उद्या सकाळी नेटच्या आधी पोरांना हेच सांगतो.

घाटमाथा

उशिरा आलो. जलविद्युत केंद्रात नोकरी झाली, त्यामुळे एमजीएच हे माझ्यासाठी पुस्तकातलं सूत्र नाही, रोजचं काम होतं.

मुंबईच्या लोकांना विसर पडतो पण या शहराची बरीच वीज एकेकाळी या स्थितिज ऊर्जेवर आली. लोणावळ्याच्या बाजूला घाटमाथ्यावर पाऊस अडवून तलाव केले, वळवण, शिरवटा, आणि ते पाणी पाइपातून खाली खोपोलीला सोडलं. खोपोलीचं टाटांचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, नंतर १९२२ मध्ये भिवपुरी, १९२७ मध्ये भिरा. गिरण्या त्यावर चालल्या. खोपोलीला पाणी ढोबळमानाने ५०० मीटर उतरतं. घराच्या गच्चीवर असते तशी हजार लिटरची एक टाकी ५०० मीटर खाली आली तर ४९ लाख ज्यूल, म्हणजे १.३६ युनिट. ताईंच्या मुलीला हा आकडा स्वतः काढायला सांगा, एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एवढा डोंगर उतरून एका टाकीचं दीड युनिटसुद्धा नाही, त्यावरून कळेल केवढं पाणी लागत असेल.

५०० मीटर खाली आलेलं पाणी घर्षण सोडलं तर नोझलमधून सेकंदाला ९९ मीटर वेगाने सुटेल, ताशी साडेतीनशे किलोमीटर. ते पेल्टन चाकाच्या, म्हणजे कडेने वाट्या बसवलेल्या टर्बाइनच्या, वाट्यांवर आदळतं. आणि इथे विरार फास्टच्या प्रश्नाचं उत्तर लोखंडात ओतलेलं आहे. वाटी धारेच्या साधारण निम्म्या वेगाने फिरते. वाटीवर बसून बघितलं तर पाणी निम्म्या वेगाने येतं आणि तेवढ्याच वेगाने उलटं मागे जातं. पण जमिनीवरून बघणाऱ्याला ते पाणी वाटीतून सुटल्यावर जवळजवळ थांबलेलं दिसतं, नुसतं खाली पडतं. म्हणजे त्याची गतिज ऊर्जा जवळपास सगळी चाकाला मिळाली. चाक याहून हळू फिरवलं तर पाणी वेग शिल्लक घेऊन मागे उडतं, जास्त जोरात फिरवलं तर पुढे निघून जातं, दोन्हीकडे ऊर्जा वाया. प्रत्यक्षात निम्म्याच्या किंचित खाली ठेवतात.

आणि पाणी वर पण "फेकतात" बरं का. घाटघरला, भंडारदऱ्याच्या पुढे कोकणकड्यावर, २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प आहे, वर एक धरण, सुमारे ४०० मीटर खाली दुसरं. विजेची मागणी कमी असते तेव्हा ग्रिडमधली वीज वापरून खालचं पाणी वर चढवायचं, मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज काढायची. भिऱ्यालाही १५० मेगावॉटचा असा संच आहे. वर चढवायला जेवढी वीज लागते तेवढी परत येत नाही, अशा प्रकल्पांत साधारण सत्तर-ऐंशी टक्के येते, बाकी पाइपाच्या घर्षणात, पंपात, उष्णतेत जाते. पण ज्या वेळेला हवी त्या वेळेला मिळते म्हणून परवडतं. सौर वीज वाढतेय तसे हे प्रकल्प आणखी लागणार, कारण दुपारची वीज रात्रीसाठी ठेवायला एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसरे मार्ग अजून थोडे आहेत.

गिरगावची_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सगळं मिळेल असं वाटलं नव्हतं. मुलीने सगळे प्रतिसाद स्वतः वाचले, वहीत दोन्ही आलेख काढले, टाकीचं गणित पण केलं, १.३६ आलं. दु शातलेचं नाव तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय.

आता तिचा पुढचा प्रश्न, मास्तरांना. हवा नसेल तर वर जायला आणि खाली यायला सारखाच वेळ लागतो. हवा असेल तर? तिचं म्हणणं आहे की वर जाताना हवा पण खाली ओढते म्हणून लवकर थांबतो, आणि खाली येताना हवा वर ढकलते म्हणून उशीर होतो, म्हणजे यायला जास्त वेळ लागायला हवा. पण हवेमुळे चेंडू कमी उंच जातो, म्हणजे खाली यायचं अंतर पण कमी झालं, त्यामुळे तिला खात्री वाटत नाहीये.

परळचा_मास्तर

तिचा अंदाज बरोबर आहे. अंतर कमी झालं हे खरं, पण ते जाताना आणि येताना सारखंच कमी झालं, चढला तेवढाच उतरणार. म्हणून तुलना दोन्ही वेळच्या वेगांचीच करायची. आणि ती मोठ्या गणिताशिवाय, फक्त ऊर्जेच्या हिशोबाने करता येते.

वाटेतली कुठलीही एक उंची घ्या, समजा ५ मीटर. चेंडू तिथून दोनदा जातो, एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. दोन्ही वेळेला स्थितिज ऊर्जा तीच, कारण उंची तीच. पण मधल्या काळात तो वर जाऊन आला, आणि त्या पूर्ण प्रवासात हवेने थोडी यांत्रिक ऊर्जा काढून घेतली. म्हणजे परत येताना त्याच उंचीवर एकूण यांत्रिक ऊर्जा कमी, स्थितिज तेवढीच, म्हणून गतिज कमी, म्हणून वेग कमी. हे ५ मीटरला खरं, ८ ला खरं, वाटेतल्या प्रत्येक उंचीला खरं. प्रत्येक ठिकाणी परतीचा वेग जाण्याच्या वेगापेक्षा कमी असेल आणि अंतर सारखं असेल तर यायला वेळ जास्तच लागणार.

वरच्या टेनिस बॉलसाठी माझा हिशोब वर जायला १.६६ सेकंद आणि खाली यायला १.८३ सेकंदाच्या आसपास सांगतो. सीझन बॉलला फरक त्याच्या निम्म्याहून कमी. प्लॅस्टिकच्या हलक्या चेंडूला तर नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तिला फोनवर व्हिडिओ काढून बघायला सांगा, कॅमेरा हलवायचा नाही, चेंडू हाताच्या ज्या उंचीवरून सुटला त्याच उंचीला परत येईपर्यंत मोजायचं, आणि काय निघतं ते तिने स्वतः इथे लिहावं.